ट्रान्सिल्व्हेनिया: नाव, ठिकाण आणि दंतकथा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

ट्रान्सिल्व्हेनिया खरोखर आहे, की ते कादंबरीतलं गाव आहे?

आहे, आणि ते गाव नाही, मोठा प्रांत आहे. आजच्या रोमेनिया देशाचा मध्य आणि वायव्य भाग म्हणजे ट्रान्सिल्व्हेनिया. तिथे विद्यापीठं आहेत, विमानतळ आहेत, बटाट्याची शेतं आहेत, मेंढ्यांचे कळप आहेत. क्लुज-नापोका हे तिथलं मोठं शहर आज सॉफ्टवेअर कंपन्यांसाठी ओळखलं जातं. मला सगळ्यात जास्त वेळा हाच प्रश्न विचारला जातो, आणि त्यामागचं कारण उघड आहे. आपल्यापर्यंत हे नाव भयपटांतून आलं. पडक्या वाड्याचं दार करकरलं, वीज चमकली, की खाली ‘ट्रान्सिल्व्हेनिया’ अशी अक्षरं उमटायची. त्यामुळे या मुलखातल्या माणसांनी स्वतः रचलेल्या, पिढ्यान्‌पिढ्या सांगितलेल्या गोष्टी बाजूलाच राहिल्या. त्या गोष्टी रक्त पिणाऱ्या सरदारापेक्षा कितीतरी सरस आहेत, म्हणून खालची उत्तरं जरा सविस्तर लिहिली आहेत.

नकाशावर नेमकं कुठे शोधायचं?

युरोपच्या नकाशावर कार्पेथियन डोंगररांग शोधा. ती रोमेनियात शिरते आणि कोयत्यासारखी वळते. त्या वळणाच्या कुशीतलं पठार म्हणजे ट्रान्सिल्व्हेनिया. पूर्वेला आणि दक्षिणेला कार्पेथियनची भिंत, पश्चिमेला अपुसेनी डोंगर. दक्षिणेच्या भिंतीत फागाराश रांग आहे आणि त्या रांगेतलं २,५४४ मीटर उंचीचं मोल्दोव्यानू हे रोमेनियातलं सर्वांत उंच शिखर. मुरेश, ओल्त आणि सोमेश या इथल्या मुख्य नद्या.

क्षेत्रफळाबद्दल दोन आकडे वाचायला मिळतात आणि वाचणारा गोंधळतो. मूळ ऐतिहासिक प्रांत साधारण ५७,००० चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या पाचव्या हिश्श्याहून थोडा कमी. पण पहिल्या महायुद्धानंतर हंगेरीकडून रोमेनियाकडे आलेले बनात, क्रिशाना आणि मारामुरेश हे शेजारचे भागही रोजच्या बोलण्यात ‘ट्रान्सिल्व्हेनिया’तच धरले जातात. ते धरले की आकडा लाखाच्या घरात जातो. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त लिहिणाऱ्याने काय काय मोजलंय ते पाहायचं.

नावाचा अर्थ काय?

‘जंगलापलीकडचा मुलूख’. लॅटिनमध्ये ‘सिल्वा’ म्हणजे अरण्य. १०७५ सालच्या एका लॅटिन दस्तऐवजात ‘उल्त्रा सिल्वाम’, म्हणजे अरण्याच्या पल्याड, असा उल्लेख आहे. पुढे ‘उल्त्रा’च्या जागी ‘त्रान्स’ आलं आणि आजचं नाव रुळलं.

आता गंमत बघा. ‘पलीकडे’ म्हटलं की बोलणारा अलीकडे कुठेतरी उभा असतो. कोकणातला माणूस ‘घाटावरचे लोक’ म्हणतो, तेव्हा तो स्वतः घाटाखाली आहे हे त्याला वेगळं सांगावं लागत नाही. तसंच इथे आहे. हे नाव ठेवणारा पश्चिमेला, हंगेरीच्या सपाट मैदानात उभा होता. त्याच्यासमोर अपुसेनीची दाट झाडी होती आणि त्या झाडीपलीकडे हा प्रदेश. त्या झाडीच्या आत राहणाऱ्याला आपला गाव ‘पलीकडे’ वाटायचं काहीच कारण नव्हतं. ट्रान्सिल्व्हेनियाचं नाव पाहुण्याच्या नजरेतून पडलं, आणि तिच्या गोष्टींच्या बाबतीतही पुढे तेच घडलं.

मग तिथले लोक या प्रदेशाला काय म्हणतात?

कोणाला विचारता त्यावर आहे. हंगेरियन भाषेत ‘एर्देय’. ‘एर्दो’ म्हणजे जंगल, आणि नावाचं जुनं रूप ‘जंगलापलीकडे’ असाच अर्थ देतं. लॅटिन नाव बहुधा त्याचंच भाषांतर. रोमेनियन माणूस कागदोपत्री ‘त्रान्सिल्वानिया’ लिहितो, पण घरी, गाण्यात, प्रेमाने बोलताना ‘आर्द्याल’ म्हणतो. हा शब्द हंगेरियनवरून आला असं बहुतेक भाषाशास्त्रज्ञ मानतात. काही रोमेनियन अभ्यासकांनी त्याला स्वतंत्र व्युत्पत्ती शोधायचा प्रयत्न केला. शब्द आधी कोणाचा, यावरून जमीन आधी कोणाची हा वाद पेटतो, म्हणून व्युत्पत्तीसारखा रुक्ष विषयसुद्धा तिथे जपून काढावा लागतो.

जर्मन नाव मात्र पूर्ण वेगळं आहे: ‘झीबेनब्युर्गेन’, म्हणजे सात गढ्या.

या सात गढ्या कुठल्या?

बाराव्या शतकाच्या मध्यात हंगेरीचा राजा दुसरा गेझा याने ऱ्हाइन आणि मोझेल नद्यांच्या खोऱ्यांतून शेतकरी, कारागीर आणि खाणकामगार बोलावून इथे वसवले. सरहद्द राखायची होती आणि जमीन कसायला माणसं हवी होती. या लोकांना सॅक्सन म्हणतात, जरी त्यांतले बहुतेक जर्मनीतल्या सॅक्सनीतून आलेले नव्हते. त्यांची बोली आजही लक्झेंबर्गच्या बोलीला जवळची आहे. त्यांनी तटबंदीची गावं बांधली, आणि त्यांतली सात मोठी म्हणजे त्या सात गढ्या, असं सर्वसाधारणपणे मानतात. आजच्या नावांनी सांगायचं तर सिबियू, ब्राशोव, सिगिशोआरा, बिस्त्रित्सा, मेदियाश, सेबेश आणि क्लुज. दुसरं मत असं की मूळ शब्द सिबियूजवळच्या ‘चिबिन’ नदीवरून आला आणि ‘सात’ हा अर्थ लोकांनी नंतर लावला. काहीही असो, ट्रान्सिल्व्हेनियाच्या मानचिन्हावर आजही सात लाल बुरूज आहेत, सोबत काळा गरुड, सूर्य आणि चंद्रकोर.

तिथे राहतात कोण? हंगेरियन, रोमेनियन की जर्मन?

आज बहुसंख्य रोमेनियन. हंगेरियन भाषिक मोठ्या संख्येने आहेत, विशेषतः पूर्वेकडे, जिथे सेकेय नावाचा समाज राहतो. सेकेय हंगेरियनच बोलतात, पण आपली ओळख वेगळी सांगतात. पूर्वी सीमेची राखण हे त्यांचं काम होतं. रोमा समाज जवळपास सगळीकडे आहे. सॅक्सन मात्र फार थोडे उरले. कम्युनिस्ट राजवटीत पश्चिम जर्मनी माणशी पैसे मोजून त्यांना नेत असे, आणि १९८९ मध्ये राजवट कोसळल्यावर उरलेलेही भराभर निघून गेले. कित्येक गावांत चर्च आहे, वेशीचा दरवाजा आहे, घरांवर जर्मन अक्षरांत साल कोरलेलं आहे, आणि बांधणाऱ्यांचं घर आता म्युनिक-श्टुटगार्टकडे आहे. तरीही २०१४ मध्ये रोमेनियाने राष्ट्राध्यक्ष म्हणून निवडला तो सिबियूचा तेव्हाचा महापौर क्लाऊस योहानिस, एक सॅक्सनच.

इथल्या इतिहासातला एक सल सांगितलाच पाहिजे. १४३७ मध्ये हंगेरियन सरदार, सॅक्सन आणि सेकेय या तिघांनी आपसांत करार केला आणि पुढची काही शतकं राज्यकारभारात हेच तीन ‘राष्ट्र’ मानले गेले. शेतात राबणारा रोमेनियन शेतकरी त्या तिघांत नव्हता. १५६८ मध्ये तोर्दा, म्हणजे आजचं तुर्दा, इथे धर्मस्वातंत्र्याचा ठराव झाला. त्या काळच्या युरोपात तो फार पुढचा होता. पुढे तिथे जे चार पंथ मान्यताप्राप्त ठरले, त्यांत रोमेनियनांचा ऑर्थोडॉक्स पंथ नव्हता. तो फक्त चालवून घेतला जात होता.

हा प्रदेश किती वेळा या देशातून त्या देशात गेला?

थोडक्यात सांगते. प्राचीन काळी डाकियन लोकांचं राज्य. इ. स. १०६ मध्ये रोमन सम्राट त्राजानने ते जिंकलं, आणि पावणेदोनशे वर्षांच्या आत रोमन निघून गेले. अकराव्या शतकापासून हंगेरीचं राज्य. सोळाव्या शतकात तुर्कांनी हंगेरीचा मध्यभाग घेतल्यावर ट्रान्सिल्व्हेनिया सुलतानाला खंडणी देणारं, पण आपला कारभार आपण पाहणारं संस्थान झालं. सतराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियाचं हाब्सबर्ग घराणं आलं. १८६७ मध्ये प्रांत पुन्हा हंगेरीला जोडला गेला. १ डिसेंबर १९१८ रोजी आल्बा युलिया इथे जमलेल्या रोमेनियनांनी रोमेनियाशी एकीकरण जाहीर केलं. तोच दिवस आता रोमेनियाचा राष्ट्रीय दिन आहे. १९२० च्या त्रियानो तहाने त्यावर शिक्कामोर्तब झालं. हंगेरीत त्याच तहाची जखम अजून ओली आहे. १९४० मध्ये उत्तरेकडचा भाग पुन्हा हंगेरीला मिळाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर परत रोमेनियाकडे आला.

या मुलखातल्या म्हाताऱ्यांबद्दल बोललं जातं ते यामुळेच: जागचं न हलता माणूस तीन देशांचा नागरिक होऊन गेला.

ड्रॅक्युला इथलाच होता ना?

इथे दोन माणसं एकमेकांत मिसळली आहेत.

एक खरा, व्लाड तिसरा. जन्म १४३१ च्या सुमाराचा, बहुधा ट्रान्सिल्व्हेनियातल्या सिगिशोआरा गावात. पण तो राजा होता वालाखियाचा, म्हणजे कार्पेथियनच्या दक्षिणेकडच्या शेजारच्या राज्याचा. त्याचे वडील ‘ऑर्डर ऑफ द ड्रॅगन’ या सरदारांच्या संघात सामील झाले, म्हणून त्यांना ‘द्राकुल’ म्हणत, आणि द्राकुलचा मुलगा तो ‘द्राकुला’. शत्रूला सुळावर चढवण्याच्या त्याच्या सवयीमुळे ‘त्सेपेश’, म्हणजे सुळावर देणारा, हे नाव पडलं. व्यापारावरून त्याचं ब्राशोव आणि सिबियूच्या सॅक्सनांशी वाकडं आलं आणि त्यांच्या गावांवर त्याने हल्ले केले. त्याच्या क्रौर्याच्या कहाण्या पंधराव्या शतकाच्या अखेरीस जर्मन भाषेत छापून निघाल्या. छपाईयंत्र नवं होतं आणि असल्या चोपड्या खपत. एका चित्रात तो सुळांच्या रांगेसमोर टेबल मांडून जेवताना दाखवलाय. रोमेनियन लोककथेतला व्लाड मात्र कडक पण न्यायी. त्याने पाणवठ्यावर सोन्याचा पेला ठेवला होता, आल्यागेल्याने पाणी प्यावं म्हणून, आणि तो असेतो कोणाची पेला उचलायची छाती झाली नाही, असं सांगतात. रक्त पिण्याचा संबंध कुठल्याच परंपरेत नाही.

दुसरा कागदावरचा, आयरिश लेखक ब्रॅम स्टोकरच्या १८९७ सालच्या कादंबरीतला. स्टोकरने ट्रान्सिल्व्हेनियात कधी पाऊल ठेवलं नाही. त्याच्या टिपणांत सरदाराचा वाडा आधी ऑस्ट्रियातल्या स्टिरिया प्रांतात होता. ‘ड्रॅक्युला’ हे नाव त्याला इंग्लंडमधल्या व्हिटबीच्या ग्रंथालयात, वालाखियाविषयीच्या एका जुन्या पुस्तकात सापडलं. एमिली जेरार्ड या लेखिकेने इथल्या लोकसमजुतींवर १८८५ मध्ये लिहिलेला लेखही त्याच्या वाचनात होता. आणि एक बारकावा बहुतेकांच्या नजरेतून सुटतो: कादंबरीतला सरदार स्वतःला रोमेनियन म्हणवत नाही, सेकेय म्हणवतो. म्हणजे वालाखियाच्या राजाचं नाव, सेकेयांचं कूळ आणि लंडनमध्ये बसून केलेलं लेखन अशी ती मिसळण आहे.

ब्रानचा किल्ला म्हणजेच ड्रॅक्युलाचा वाडा?

पर्यटकांसाठी, हो. इतिहासात नाही. ब्राशोवच्या सॅक्सनांना हा किल्ला बांधायची परवानगी १३७७ मध्ये मिळाली. खिंड राखायची आणि जकात गोळा करायची, एवढंच त्याचं काम. व्लाड तिथे राहिल्याचा पुरावा नाही. कादंबरीतला वाडा तर प्रांताच्या ईशान्य भागात बोर्गो खिंडीपाशी आहे, ब्रानपासून सरळ रेषेत जवळजवळ २०० किलोमीटरवर.

ब्रानची खरी माणूस म्हणजे रोमेनियाची राणी मारी. १९२० मध्ये ब्राशोव शहराने तिला हा किल्ला भेट दिला. ती जन्माने इंग्रज, व्हिक्टोरिया राणीची नात, आणि या किल्ल्यावर तिचा जीव होता. १९३८ मध्ये ती वारली, तेव्हा तिच्या इच्छेनुसार हृदय वेगळं काढून काळ्या समुद्राकाठच्या बाल्चिकला तिच्या छोट्या प्रार्थनाघरात ठेवलं. १९४० मध्ये तो किनारा बल्गेरियाकडे गेला, तेव्हा ती पेटी ब्रानला आणली. पुढे ती बुखारेस्टच्या संग्रहालयात गेली आणि २०१५ पासून सिनायातल्या पेलिशोर वाड्यात, जिथे राणीने शेवटचा श्वास घेतला, तिथे आहे. सरहद्दी बदलत गेल्या तसं एक हृदय गावोगाव फिरलं. ब्रानला जाणाऱ्याने विचारावं ते या राणीबद्दल.

म्हणजे भुताखेतांच्या समजुती मुळात तिथे नव्हत्याच?

होत्या की. रोमेनियन खेड्यांत ‘स्त्रिगोय’ मानतात. कधी तो कबरीतून उठणारा मृतात्मा, तर कधी जिवंतपणीच ती विद्या असलेला माणूस. पण स्त्रिगोय म्हणजे काळा झगा घातलेला देखणा सरदार नव्हे. शेतकऱ्याला त्याची धास्ती वाटे ती गाईमुळे. स्त्रिगोय गाईचं दूध आटवतो, त्यातलं सत्त्व काढून घेतो, अशी समजूत. गोठ्यातली दुभती गाय अचानक आटली की आपल्याकडेही दृष्ट लागल्याचा संशय घेतात, मीठ-मिरच्या ओवाळतात. भीती तीच, घरातल्या दुधाची. ३० नोव्हेंबरच्या संत आंद्रेईच्या आदल्या रात्री दारं-खिडक्यांना लसूण चोळायची पद्धत आहे. लसूण ही कादंबरीने केलेली करामत नाही, ती तिथल्या चुलीजवळचीच.

‘सोलोमोनार’ कोण?

माझा सगळ्यात आवडता प्रश्न. सोलोमोनार म्हणजे ढगांचा मांत्रिक. लाल केसांचा, फाटक्या कपड्यांतला, झोळीत जाडजूड पोथी घेऊन दारोदार भीक मागणारा. भीक घातली तर गावावरचं वादळ दुसरीकडे वळवील, हाकलून दिलंत तर शेतावर गारा पाडील. डोंगरातल्या तळ्यातून ‘बालाऊर’ नावाचा अजगरासारखा ड्रॅगन बाहेर काढून त्यावर स्वार होतो आणि त्या ड्रॅगनची शेपटी जिथे आपटते तिथे गारपीट. जेरार्डने नोंदवलेल्या कथेत या विद्येची शाळा डोंगराच्या पोटात असते. खुद्द सैतान शिकवतो, विद्यार्थी दहा, शिक्षण संपलं की नऊ घरी जातात आणि दहावा गुरुदक्षिणा म्हणून सैतानाकडेच राहतो.

हे वाचताना मला विदर्भातल्या गारपगाऱ्यांची आठवण आली. शेतावर येणारी गार मंत्राने थोपवायची आणि त्याबद्दल गावाकडून धान्य घ्यायचं, हा त्यांचा पिढीजात व्यवसाय. दोघांचा काडीचा संबंध नाही. पण उभं पीक पंधरा मिनिटांत झोपवणाऱ्या आभाळाशी कोणीतरी बोलू शकतं, असं दोन्हीकडच्या शेतकऱ्याला वाटावंसं वाटलं.

जाता जाता: इथल्या हात्सेग खोऱ्यात खरोखरच अजस्र हाडं सापडली. १८९५ मध्ये फ्रांत्स नोप्चा या तरुण सरदाराच्या बहिणीला घरच्या जमिनीवर ती मिळाली, आणि तो पुढे नामवंत जीवाश्मशास्त्रज्ञ झाला. २०१० मध्ये याच प्रांतातल्या एका प्राचीन प्राण्याचं नाव लोककथेवरून ‘बालाऊर’ ठेवलं गेलं.

हॅम्लिनचा बासरीवाला मुलांना घेऊन इथे आला होता म्हणे?

दंतकथा तसं सांगते. १२८४ मध्ये जर्मनीतल्या हॅम्लिन गावातून १३० मुलं बासरीवाल्यामागे गेली आणि डोंगरात नाहीशी झाली. ग्रिम बंधूंनी नोंदवलेल्या कथेत काहींचं म्हणणं येतं की ती भुयारातून चालत चालत ट्रान्सिल्व्हेनियात बाहेर पडली. एवढ्या दूर, डोंगरांमध्ये जर्मन बोलणारी माणसं कुठून आली, या कोड्याचं ते लोकांनी शोधलेलं उत्तर. पण तारखा जुळत नाहीत. सॅक्सन लोक येऊन तोवर शंभरावर वर्षं झाली होती. मुलांच्या नाहीशा होण्यामागे पूर्वेकडच्या नव्या वसाहतींसाठी झालेली तरुणांची भरती असावी असं काही अभ्यासकांना वाटतं, आणि ते मला पटतं. फक्त त्या वसाहती ट्रान्सिल्व्हेनियातल्या असण्याची शक्यता कमी.

सेकेय लोक आकाशगंगेला ‘सैन्याची वाट’ का म्हणतात?

हूणांचा राजा अत्तिला ४५३ मध्ये मेला. सेकेयांच्या कथेत त्याचा धाकटा मुलगा चाबा आपल्या काही लोकांना या डोंगरांत ठेवून पूर्वेकडे निघून गेला. जाताना वचन दिलं, ‘संकटात पडलात तर येईन’. संकटं आली, चाबा येत राहिला. मग एकदा शत्रू अनावर झाला, पण तोवर चाबा आणि त्याचे स्वार सगळे मरून गेले होते. त्या रात्री आकाशात टापांचा आवाज झाला. मेलेले स्वार चांदण्यांमधून दौडत आले, शत्रू पळाला, आणि घोड्यांच्या नालांचा माग आभाळात तसाच राहिला. तीच आकाशगंगा. सेकेय हे हूणांचे वंशज असल्याचं इतिहासकार मानत नाहीत. सेकेय मात्र आपल्या गीतात आजही चाबाला हाक मारतात.

हुनेदोआराच्या किल्ल्यातल्या विहिरीची गोष्ट खरी आहे का?

गोष्ट अशी: हंगेरीचा सेनापती यानोश हुन्यादी याने तीन तुर्की कैद्यांना सांगितलं, ‘पाणी लागेपर्यंत खडक खोदा, मग तुम्ही मोकळे.’ ते पंधरा वर्षं खोदत राहिले. २८ मीटरवर पाणी लागलं तेव्हा हुन्यादी वारला होता आणि त्याच्या पत्नीने दिलेला शब्द मानला नाही. मरण्यापूर्वी त्यांनी भिंतीवर कोरलं, ‘तुमच्याकडे पाणी आहे, काळीज नाही.’

विहीर आहे. अरबी लिपीतला लेखही आहे. पण तज्ज्ञांनी तो वाचला तेव्हा त्यात एवढंच निघालं की हसन नावाचा माणूस चर्चजवळच्या या किल्ल्यात काफिरांचा कैदी म्हणून राहतो. शिव्याशाप नाहीत, विहीर नाही. मला हे खरं वाक्य कथेतल्या वाक्याहून जास्त लागतं. कैद्याने छिन्नी घेऊन दगडावर कोरलं काय, तर मी इथे आहे.

सेंट आना तळ्याचं काय?

पूर्वेच्या डोंगरात, विझलेल्या ज्वालामुखीच्या मुखात हे गोल तळं आहे. कथेत तिथे दोन मग्रूर भावांचे वाडे होते. एकाने सहा घोड्यांची देखणी बग्गी मिळवली. दुसऱ्याने पैज मारली की मी याहून देखणी बारा जनावरं जुंपीन, आणि त्याने गावातल्या बारा सुंदर मुली पकडून बग्गीला जुंपल्या. सगळ्यांत पुढे आना. बग्गी हलेना. त्याने चाबूक ओढला. आनाने देवाचा धावा केला, आभाळ फाटलं, वाडा जमिनीत गेला आणि त्या जागी तळं झालं. तळ्यावर बारा हंस तरंगत होते. ते काठाला आले, पंख झटकले, आणि मुली होऊन आपापल्या घरी गेल्या.

नवरा-बायकोला कोंडून ठेवायची खोली खरंच होती का?

बिएर्तान गावात, तटबंदीच्या चर्चमध्ये. घटस्फोट मागणाऱ्या जोडप्याला दोन आठवडे एका खोलीत ठेवत. पलंग एक, टेबल एक, ताट एक, चमचा एक. तीनशे वर्षांत एकच घटस्फोट झाला असं गावात सांगतात. आकडा गावाचा आहे, मी त्याची हमी देत नाही, आणि त्या काळच्या बायकांना त्या खोलीत काय वाटलं असेल हे कथेत कुठेच येत नाही.

त्याच चर्चच्या कोठाराचं १५१५ चं दार मात्र डोळे भरून पाहावं. मागच्या बाजूला लोखंडी दांड्यांचं जाळं आहे. एक किल्ली फिरवली की १९ खिट्या एकदम चौकटीत घुसतात. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात हे कुलूप मांडलं होतं. खेड्यातल्या लोहाराचं काम, आणि कशासाठी? हल्ला आला तर गावाची चीजवस्तू वाचावी म्हणून.

भारताशी काही संबंध?

दोन, आणि दोन्ही खरे.

पहिला, शांदोर क्योरोशी चोमा. १७८४ मध्ये एका सेकेय खेड्यात जन्मलेला हा मुलगा चाबाच्या गोष्टी ऐकत वाढला. आपले पूर्वज आशियात कुठेतरी अजून असतील, त्यांना शोधायचं, या ध्यासाने १८१९ मध्ये बहुतांशी पायी निघाला. पूर्वज सापडले नाहीत, लडाख सापडलं. झंस्कारमधल्या झंगला इथे विस्तवाशिवाय, मेंढीचं कातडं पांघरून तो तिबेटी शिकला. १८३४ मध्ये कलकत्त्यात त्याचा तिबेटी-इंग्रजी शब्दकोश प्रसिद्ध झाला. ल्हासाला जाताना १८४२ मध्ये दार्जिलिंगला तापाने गेला. त्याची समाधी तिथेच आहे.

दुसरा, रोमा समाज. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघाले. सगळे रोमा आज रोमानी बोलत नाहीत, पण जे बोलतात त्यांचे आकडे ऐका: येक, दुई, त्रिन, श्तार, पांज. पाण्याला पानी, माणसाला मनुश, कानाला कन. मिठाला लोन, जे आपल्या लोणच्यात आहे. आणि द्राक्षाला द्राख. पहिल्यांदा हा शब्द वाचला तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ नुसती बसून राहिले.

मुलांना सांगायची तर कुठली एक गोष्ट सांगू?

हंगेरीच्या मात्याश राजाची. हा हुन्यादीचाच मुलगा, १४४३ मध्ये क्लुजला जन्मला, आणि जन्मघर अजून उभं आहे. तो वेषांतर करून प्रजेत फिरे, अशा त्याच्या कितीतरी गोष्टी आहेत.

क्लुजचा न्यायाधीश गोरगरिबांना वेठीला धरतो, असं राजाच्या कानावर आलं. तो फाटके कपडे घालून त्याच्या वाड्यासमोर बसला. शिपायांनी बखोटीला धरून आत नेलं, ‘चल, लाकडं वाहा.’ राजाने विचारलं, ‘मजुरी काय देणार?’ उत्तर म्हणून पाठीत काठी बसली. तो मुकाट्याने ओंडके वाहू लागला. वाहता वाहता लाल खडूने तीन ओंडक्यांवर त्याने काहीतरी लिहिलं, ते ढिगात खाली घातले आणि निघून गेला.

काही दिवसांनी राजा लव्याजम्यासह आला. ‘काय म्हणतं शहर?’ ‘सगळं क्षेम आहे, महाराज.’ ‘कोणाला फुकट राबवलं जात नाही ना?’ ‘छे, महाराज.’ राजा म्हणाला, ‘अंगणातला तो लाकडाचा ढीग जरा उपसा पाहू.’ शिपायांनी एकेक ओंडका बाजूला केला. तळाशी तीन ओंडके निघाले, आणि तिन्हींवर लिहिलं होतं: मात्याश.